कौल म्हणजे तह नव्हे

धागा लांब आहे. सवडीने वाचावा, आणि विरोध करायचा झाल्यास शेवटापर्यंत वाचून करावा, एवढीच विनंती.

अलीकडे एक विधान मोठ्या आत्मविश्वासाने फिरताना दिसते. इंग्रजांनी हिंदुस्थानापुढे समेटाचा हात वेळोवेळी पुढे केला. १८५८ साली केला, १९१९ साली केला, १९४२ साली केला. आणि आमच्याच पुढाऱ्यांनी संशयापायी किंवा हट्टापायी तो झिडकारला. एवढे झाले की पुढच्याच ओळीत लोकमान्य टिळकांचे नाव येते: तेसुद्धा अखेरीस नरमले, त्यांनी बादशहाचे आभार मानणारी तार केली. एकाच तोंडाने हट्टीपणाचा आरोप आणि त्याच तोंडाने नरमाईचाही! टिळकांचा जन्म ज्या गावी झाला त्या रत्नागिरीत बसून हे वाचताना प्रथम हसू येते आणि मग उत्तर द्यावेसे वाटते.

या विधानाच्या मुळाशी शब्दाचा एक घोटाळा आहे. ‘समेट’ या एका शब्दाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी दडपल्या जातात. आपल्या जुन्या दफ्तरांत त्यांना दोन वेगळे शब्द होते. एक तह, दुसरा कौल.

तह दोघांत होतो. दोन्हीकडचे वकील बसतात, कलमांवर घासाघीस होते, दोन्ही शिक्के उमटतात, आणि मोडणारा जगात खोटा पडतो. कौल एकजण देतो आणि दुसरा घेतो. स्वारीने किंवा दुष्काळाने गाव उजाड होऊन रयत परागंदा झाली, की सरकारातून कौल जाई: परत या, जमिनी कसा, अमुक वर्षे सारा हलका घेऊ, पूर्वीची बाकी मागणार नाही, कोणेविशी शंका न धरणे. मजकूर पुष्कळदा खरोखर उदार असे. परंतु तो कितीही उदार असला तरी त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असे, ती ही की देणारा धनी आणि घेणारा रयत. आम्हा कोकणातल्यांना कौलाचा आणखी एक अर्थ ठाऊक आहे. ग्रामदेवतेला कौल लावतात. देव उजवा देतो किंवा डावा देतो. त्याच्याशी कलमवार वाटाघाट करता येत नाही.

रयतेला कौल देणे हे राजाचे कर्तव्यच होते, त्यात वावगे काही नाही. वाद तेव्हा उपस्थित होतो जेव्हा समोरचा म्हणतो की मी तुझी रयतच नाही, आणि तरीही त्याच्या हाती कौलाचा कागद देऊन जगाला सांगितले जाते की आम्ही तह करायला गेलो होतो.

इंग्रजांना तह ठाऊक नव्हता असे मात्र कोणी समजू नये. तो त्यांना उत्तम ठाऊक होता, आणि त्याचे प्रशिक्षण त्यांना याच मुलखात मिळाले होते. १७७९ च्या जानेवारीत वडगावला त्यांच्या फौजेची जी गत झाली ती सर्वश्रुत आहे. त्यानंतर तीन वर्षे लढून १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे जो करार झाला त्याकडे नीट पाहावे. कंपनीच्या वतीने डेव्हिड अँडरसन, पेशव्यांच्या वतीने महादजी शिंदे. कंपनीने राघोबादादांची बाजू सोडायची, वसईसह जिंकलेला मुलूख परत करायचा, साष्टी मात्र ठेवायची. आणि हा तह दोन्ही पक्षांनी पाळावा याची हमी कोणी घ्यायची? महादजींनी! म्हणजे ज्याच्याशी लढलो त्याच्याच शब्दावर कंपनी विसंबली. समोरचा समबल असला की इंग्रज किती व्यवहारी होतो, याचा याहून चांगला दाखला नाही.

याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तेच साम्राज्य आपल्या बंडखोर वसाहतींशी झगडत होते, आणि तेथेही हाच प्रश्न उभा होता. ४ जुलै १७७६ रोजी अमेरिकनांनी स्वातंत्र्य जाहीर केले. दहाच दिवसांत ॲडमिरल लॉर्ड हाउ यांचा समेटाचा खलिता आला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हे. पण त्या खलित्याचा मायना पाहण्यासारखा आहे. पत्र ‘जॉर्ज वॉशिंग्टन, एस्क्वायर’ या नावाने होते. सेनापती हे पद त्यात नव्हते. वॉशिंग्टनच्या माणसांनी ते घेण्यास नकार दिला. पुढे इंग्रजांचा एक अधिकारी स्वतः भेटीस आला आणि म्हणाला, नावापुढे ‘इत्यादी इत्यादी’ असे लिहिले आहे, त्यात सर्व काही येते. वॉशिंग्टनने उत्तर दिले की त्यात सर्व काही येते खरे, आणि वाटेल तेही येते. चर्चा पुढे सरकली तेव्हा कळले की हाउबंधूंच्या हाती मुख्य अधिकार एकच आहे, माफी देण्याचा. ज्यांनी अपराध केलेला नाही त्यांना माफीची गरज नाही, असे सांगून वॉशिंग्टनने तो विषय संपवला.

मराठी पत्रव्यवहार जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे मायन्यावरून राजकारणे घडली आणि बिघडली आहेत. कोणाला ‘राजमान्य राजश्री’ लिहायचे आणि कोणाला नुसते नाव, यात पुढच्या पत्राचा अर्धा मजकूर सांगून झालेला असतो.

दीड वर्षाने साराटोगाला एक अख्खी इंग्रज फौज शरण गेली, फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला, आणि मग १७७८ साली अर्ल ऑफ कार्लाइल यांचे शिष्टमंडळ समुद्र ओलांडून आले. या वेळी कर सोडला होता, चहाचा कायदा सोडला होता, स्वराज्यासारखे पुष्कळ काही देऊ केले होते. फक्त एक गोष्ट नव्हती, स्वातंत्र्य. अमेरिकन काँग्रेसने जूनमध्ये कळवले की आधी स्वातंत्र्य मान्य करा किंवा फौजा आणि आरमार काढून घ्या, मग बोलू. पाच वर्षांनी, ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसला जो तह झाला त्याचे पहिलेच कलम त्या स्वातंत्र्याच्या मान्यतेचे आहे. कार्लाइलला नकार देणाऱ्यांना ‘हट्टी’ म्हणणारा इतिहासकार मला अजून भेटलेला नाही. तो शब्द आमच्यासाठी राखून ठेवलेला दिसतो.

आता १८५८ कडे येऊ.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादेत लॉर्ड कॅनिंग यांनी राणीचा जाहीरनामा वाचला. कंपनी सरकार गेले, राणी सरकार आले. धर्मात ढवळाढवळ होणार नाही, संस्थानिकांशी झालेले करार पाळले जातील, मुलूख वाढवण्याची इच्छा नाही, नोकरीत जातधर्म आड येणार नाही. आणि बंडात सामील झालेल्यांना क्षमा. आपल्या पहिल्या पिढीच्या पुढाऱ्यांनी या कागदाला हिंदुस्थानची सनद मानले, त्यांच्या भाषणांत त्याचे दाखले पदोपदी येतात. त्यांचे मी हसू करणार नाही. ज्याच्या हाती दुसरे शस्त्र नसते तो शत्रूच्याच शब्दाचे शस्त्र करतो, आणि दादाभाईंच्या पिढीने ते कौशल्याने केले.

परंतु क्षमेचे कलम पाहा. इंग्रज प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतल्याचे शाबीत झालेल्यांना क्षमा नाही. अशा लोकांना जाणूनबुजून आश्रय देणारे आणि बंडाचे म्होरके यांना केवळ जीवदान. बाकीच्यांनी शस्त्र ठेवून घरी परतावे, आणि तेही १ जानेवारी १८५९ च्या आत. दोन महिन्यांची मुदत! अयोध्येच्या रानात, नेपाळच्या तराईत, नर्मदेच्या खोऱ्यात वणवण फिरणाऱ्या तुकड्यांपर्यंत हा कागद पोहोचायला किती दिवस लागले असतील, याचा विचार वाचकांनी करावा. आणि मुदत चालू असताना लॉर्ड क्लाइडच्या फौजा अयोध्येत मोहीम चालवीतच होत्या.

या जाहीरनाम्याला तेव्हाच उत्तर मिळाले होते, हे आपण विसरतो. बेगम हजरत महल यांनी आपला पुत्र बिर्जिस कद्र याच्या नावे उलट जाहीरनामा काढला. त्याचा रोख असा: कंपनीचे सारे करार राणीने मान्य केले म्हणता, मग ते करार मोडून अयोध्या गिळली कोणी? आणि इंग्रजांनी लहानमोठा कोणताही अपराध क्षमा केल्याचे आजवर कोणी पाहिले आहे काय? कलमाला कलमाने दिलेले हे उत्तर आहे. आपणही एक पक्ष आहोत, कौल घेणारी रयत नाही, एवढे त्यातून स्वच्छ दिसते.

नानासाहेब पेशव्यांची गोष्ट अधिक करुण आहे. १८५१ साली बाजीराव वारले तेव्हा त्यांचे आठ लाखांचे पेन्शन तर बंद झालेच, शिवाय दत्तकाला पेशवाईची पदवीही कंपनीने मान्य केली नाही. मायना तेव्हाच काढून घेतला होता. १८५९ च्या एप्रिलात नेपाळच्या हद्दीतून त्यांनी राणीला आणि पार्लमेंटला उद्देशून इश्तिहारनामा पाठवला. आपण खुनी नाही, साऱ्यांना क्षमा केलीत आणि मलाच वगळलेत, असा त्याचा सूर आहे. आणि शरण येणे नाकारून लढण्याची भाषाही आहे. मेजर रिचर्डसनकडून उत्तर आले ते इतकेच की जाहीरनामा सर्वांसाठी सारखा आहे, त्यातल्या अटींवर यावे. नानासाहेबांना तह हवा होता. त्यांच्यापुढे पुन्हा तोच छापील कौल धरण्यात आला.

आणि तात्या टोपे? ७ एप्रिल १८५९ रोजी पकडले, १५ तारखेला शिप्रीस लष्करी न्यायालयापुढे उभे केले, १८ तारखेला फाशी दिले. आरोप कोणता, तर ब्रिटिश सरकारविरुद्ध बंड आणि युद्ध. हत्येचा आरोप ठेवलेलाच नव्हता. मुदत तीन महिन्यांपूर्वी संपली होती, त्यामुळे कागदोपत्री सगळे बिनचूक. तात्यांचे म्हणणे एवढेच होते की जे केले ते धन्याच्या, पेशव्यांच्या, हुकमाने केले. म्हणजे न्यायालयात उभा असलेला तो येवल्याचा ब्राह्मण सांगत होता की माझा धनी दुसरा आहे, मी तुमची रयत नव्हतोच. ऐकणाऱ्यांना तो मुद्दाच कळण्यासारखा नव्हता.

पंचवीस वर्षांनी एका इंग्रजानेच या कागदाची खरी किंमत सांगून टाकली. १८८३ साली इल्बर्ट बिलाचा गदारोळ चालू असताना, व्हाइसरॉयच्या मंडळात पूर्वी कायदेमंत्री असलेले सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी जाहीरनाम्याला कायद्याचे बळ नाही असे प्रतिपादन केले. लॉर्ड रिपन यांनी त्याचा प्रतिवाद केला, तो त्यांच्या सज्जनपणाला शोभणारा होता. पण कायदेपंडित म्हणून स्टीफन बरोबर होते. कौल मोडला तर दाद कोणाकडे मागणार? देणाऱ्याकडेच.

येथे मला थोडे विषयांतर करू द्या. रत्नागिरीत येणारा प्रत्येक पाहुणा थिबा पॅलेस पाहतो. ऑक्टोबर १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या राजा थिबाला हिंदुस्थान सरकारने निर्वाणीचा खलिता दिला: आमचा वकील ठेवा, परराज्यांशी व्यवहार आमच्या सल्ल्याने करा, आणि एका मुंबईच्या इमारती लाकडाच्या कंपनीवर केलेला दंड स्थगित ठेवा. उत्तर पुरेसे वाटले नाही. महिन्याभरात मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाले. राजाला येथे आणून ठेवले. खाडीकडे तोंड करून असलेला हा देखणा वाडा १९१० च्या सुमारास तयार झाला, म्हणजे राजा येथे दोन तपे काढून झाल्यावर. आणि १९१६ च्या डिसेंबरात तो येथेच वारला. त्याची समाधी अजून गावात आहे. पर्यटक वाड्याच्या खिडक्यांचे फोटो घेतात. मला तो वाडा नेहमी कौलाचाच नमुना वाटतो: पेन्शन आहे, नोकरचाकर आहेत, समुद्राचा वारा आहे, फक्त तालुक्याबाहेर जाण्याचा अधिकार नाही.

मंडालेचा राजा रत्नागिरीत असतानाच, १९०८ ते १९१४, रत्नागिरीचा टिळक मंडालेच्या तुरुंगात होता. हा योगायोग पुष्कळदा सांगितला जातो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. पण त्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले गेले, आणि पुढे १९२० साली समेटाच्याच प्रश्नावर त्याचा संबंध आला, तो सांगायचा आहे.

१९१८ पासून पाहू. महायुद्धाला माणसे हवी होती. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद बोलावली. टिळक बोलायला उभे राहिले, राजनिष्ठा व्यक्त केली, आणि मग सांगू लागले की देशाच्या रक्षणाचा प्रश्न स्वराज्याशी निगडित आहे. विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच थांबवले. राजकीय चर्चा नको. टिळक सभा सोडून निघून गेले. शिपाई द्या, पण त्या बदल्यात काय हे विचारू नका. कौल घेणाऱ्याने प्रश्न विचारायचा नसतो.

पुढच्याच महिन्यात माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवाल आला, तेव्हा ‘केसरी’ने उजाडले खरे, पण सूर्य कुठे आहे, अशा आशयाचा प्रश्न विचारला.

मग १९१९. या वर्षाच्या तारखा एकापुढे एक ठेवल्या तरी पुरे. मार्चमध्ये रौलट कायदा. १३ एप्रिलला जालियनवाला बाग. २८ जूनला व्हर्सायचा तह, आणि त्यावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या कोणाच्या? भारतमंत्री माँटेग्यू यांची आणि बिकानेरच्या महाराजांची. दिल्लीच्या काँग्रेसने शांतता परिषदेसाठी ज्यांची निवड केली होती ते टिळक तेव्हा लंडनमध्येच होते. त्यांना पॅरिसला जाण्याचा परवाना मिळाला नाही, म्हणून त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र पाठवून हिंदुस्थानची बाजू मांडली. विसंगती पाहा: जर्मनीशी तह करताना हिंदुस्थान हा एक पक्ष, स्वतंत्र सहीचा धनी. त्याच हिंदुस्थानशी मात्र तह होऊ शकत नाही. त्याला जाहीरनामाच मिळणार.

सप्टेंबरमध्ये इंडेम्निटी ॲक्ट झाला, म्हणजे लष्करी कायद्याच्या अंमलात अधिकाऱ्यांनी सद्भावाने जे केले त्याबद्दल त्यांना अभय. चौकशी करणाऱ्या हंटर कमिटीचे काम अजून व्हायचे होते. आणि २३ डिसेंबरला नव्या सुधारणा कायद्यावर बादशहाची मोहोर उमटली, त्याबरोबरच राजकीय कैद्यांना क्षमा करणारा बादशाही जाहीरनामा. अधिकाऱ्यांना अभय आधी, प्रजेला क्षमा नंतर. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांना क्षमा करण्याचा मोठेपणा दाखवायला मन मोठे लागते, यात शंका नाही!

क्षमेची मर्यादाही त्याच कागदात होती: व्हाइसरॉयच्या मते सार्वजनिक सुरक्षिततेला बाध येणार नाही तेथवर. म्हणून अली बंधू सुटून थेट अमृतसरच्या अधिवेशनात आले, बंगालचे बारींद्रकुमार घोष अंदमानातून सुटले, आणि सावरकर बंधू मात्र तेथेच राहिले. एकाच कौलातून कोणाला उजवा, कोणाला डावा.

सुधारणा कायद्यात मंत्र्यांना शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती सोपवली. पोलीस, न्याय, जमीनमहसूल आणि तिजोरी राखून ठेवली. याला द्विदल राज्यपद्धती म्हणत. शाळा तुमची, तिच्यासाठी लागणारा पैसा आमचा. परंतु मला या वाटणीपेक्षा कायद्याची प्रस्तावना अधिक बोलकी वाटते. पुढचे प्रत्येक पाऊल केव्हा आणि किती टाकायचे हे ब्रिटिश पार्लमेंटच ठरवील, असे तिने स्वच्छ लिहून ठेवले. साऱ्या कायद्यात याहून प्रामाणिक वाक्य नाही.

आता त्या तारेकडे वळू. टिळक अमृतसरला निघाले होते. वाटेत जाहीरनाम्याची बातमी कळली आणि त्यांनी बादशहाला पोहोचवण्यासाठी तार केली. तीत जाहीरनाम्याबद्दल आणि माफीबद्दल कृतज्ञता आहे, राजनिष्ठेचा शब्द आहे. हे लपवण्याचे कारण नाही. पण तारेतला शेवटचा शब्द वाचल्याशिवाय ती तार वाचली असे होत नाही. तो शब्द म्हणजे ‘प्रतियोगी सहकारिता’. तुम्ही जितके सहकार्य कराल तितके आम्ही करू. कौलाच्या कागदावर, जेथे एकाच सहीची जागा होती, तेथे टिळकांनी दुसरी रेघ ओढली आणि तिच्याखाली हिंदुस्थानचे नाव लिहिले. माफी मागण्याच्या भाषेत आणि या भाषेत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

नरमाईचा आरोप करणाऱ्यांनी अमृतसरला काय झाले तेही पाहावे. सुधारणा अपुऱ्या, असमाधानकारक आणि निराशाजनक आहेत, असा ठराव चित्तरंजन दास यांनी मांडला आणि टिळक त्या बाजूला होते. त्यातला ‘निराशाजनक’ हा शब्द गाळावा आणि माँटेग्यू यांचे आभार मानावेत असा आग्रह गांधीजींचा होता. अखेर तडजोड झाली: शब्द राहिला, आभारही आले. म्हणजे त्या डिसेंबरात बादशहाच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवणारे गांधीजी होते आणि सौदा पारखून घेणारे टिळक. नऊ महिन्यांत गांधीजींनी आपले मत पार बदलले, यात त्यांचाही मोठेपणा आहे. पण १९१९ च्या डिसेंबरचा हिशेब मांडताना माणसांची अदलाबदल करू नये.

पुढच्या जानेवारीत ‘यंग इंडिया’त या दोघांत एक छोटा वाद झडला. राजकारणात सर्व काही क्षम्य असते असे टिळकांचे मत म्हणून दिले गेले होते. टिळकांनी उत्तरात लिहिले की बुद्धाच्या वचनापेक्षा मला या जगासाठी गीतेतले श्रीकृष्णाचे वचन अधिक लागू वाटते. जो जसा माझ्याकडे येतो तसा मी त्याच्याकडे जातो, या अर्थाचे. प्रतियोगी सहकारितेचे मूळ तेथे आहे, मंडालेच्या कोठडीत.

टिळकांच्या या धोरणाला मर्यादा नव्हती असे नाही, आणि भक्तीपोटी ती झाकणे मला मान्य नाही. समोरच्याने पाऊल टाकले तरच आपण टाकू, असे म्हणणाऱ्याच्या हाती पहिले पाऊल राहत नाही. पंजाबच्या अत्याचारांबद्दल सरकारने जे केले, किंवा केले नाही, त्यानंतर सहकार्याला प्रतिसाद द्यायला उरलेच काय होते? हा प्रश्न टिळकांपुढे पुरता येण्याआधीच, १ ऑगस्ट १९२० च्या उत्तररात्री, ते गेले. त्याच दिवशी असहकार सुरू व्हायचा होता.

१९४२ बद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तेथे सगळे उघड आहे. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. आणि मार्च सरता सरता सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत. युद्धानंतर वसाहतीचे स्वराज्य, प्रांतांना वेगळे राहण्याची मुभा, आणि आज, शत्रू दाराशी असताना, देशरक्षणाचे खाते इंग्रजांकडेच. साराटोगानंतरच्या कार्लाइलची आठवण ज्याला होत नाही त्याने ही दोन वर्षे पुन्हा वाचावीत. आणि साम्राज्याला खरा तह तेव्हा सुचतच नव्हता म्हणावे, तर १९२१ च्या डिसेंबरात लंडनमध्ये आयर्लंडशी झालेल्या करारावर मायकेल कॉलिन्सची सही आहे. काही महिन्यांपूर्वी इंग्रजांची फौज त्याच कॉलिन्सला पकडण्यासाठी डब्लिन पालथे घालत होती.

शेवटी पुन्हा रत्नागिरी. कौल स्वीकारणाऱ्या माणसाविषयी बोलायचे राहिले, आणि तो विषय टाळला तर हा धागा अप्रामाणिक ठरेल.

अंदमानातून आणलेल्या सावरकरांना मे १९२१ पासून काही काळ येथल्या तुरुंगात ठेवले होते. ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याहून त्यांची सुटका झाली ती अटींवर: रत्नागिरी जिल्ह्यात राहायचे आणि पाच वर्षे राजकारणात भाग घ्यायचा नाही. आपल्यावरील खटला न्याय्य होता आणि शिक्षा योग्य होती, अशा आशयाचे निवेदनही प्रसिद्ध झाले. यावर समाजमाध्यमांत दोन्ही बाजूंनी जी धुळवड चालते तिच्यात उतरण्याची मला इच्छा नाही. फक्त एक सुचवतो. सही कोणी केली यावर आपण शंभर वर्षे भांडतो आहोत. पण कैद्याला सोडताना ‘माझी शिक्षा योग्यच होती’ हे वदवून घेण्याची गरज सरकारला का वाटली, हे विचारणारा विरळा. ज्याला अपराधी ठरवल्याशिवाय क्षमा करता येत नाही, त्याच्याकडून ते वाक्य लिहून घ्यावेच लागते.

आणि जे या निमित्ताने टिळकांना समोर उभे करतात त्यांना हेही ठाऊक असावे की ६ सप्टेंबर १८९८ रोजी, पहिल्या राजद्रोहाच्या शिक्षेतून, टिळकही सहा महिने आधी अटींवरच सुटले होते: सुटकेनिमित्त सत्कार स्वीकारायचे नाहीत, आणि पुन्हा तोच गुन्हा शाबीत झाला तर उरलेली शिक्षा भोगायची. मंडालेत असताना राजकारण सोडण्याच्या अटीवर सुटण्याची गोष्ट निघाली तेव्हा मात्र त्यांनी ती नाकारली. कौलाच्या दारातून हा माणूस एकदा गेला होता. तारेत ‘प्रतियोगी’ हा शब्द घालणाऱ्याला त्या दाराची उंची ठाऊक होती.

सावरकरांची पाच वर्षे संपली तेव्हा मुदत वाढवण्यात आली. पुन्हा संपली, पुन्हा वाढली. तेरा वर्षांनी, १० मे १९३७ रोजी, बंधन उठले. ते उठवणारा कागद लंडनहून आला नाही. मुंबई प्रांतात नुकतेच धनजीशा कूपर यांचे अल्पजीवी मंत्रिमंडळ आले होते आणि त्यात जमनादास मेहता होते. सावरकरांवरील बंधने उठली पाहिजेत, अशी अट घालून ते मंत्रिमंडळात गेले होते.